टाकीतल्या सेन्सरची तार सारखी का खाल्ली जाते? आधी करंट बघा, मग धातू

तक्रार ठरलेली असते. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट बसवलं, सुरुवातीला झकास चाललं. मग एक दिवस टाकी भरली तरी पंप बंद होईना, पाणी जिन्यावरून खाली. तार वर ओढून पाहिली तर पाण्यातलं टोकच गायब, उरलेल्या भागावर हिरवट-काळा थर. नवी तार टाकली, पुन्हा तेच. मग प्रश्न येतो: पाण्यात न गंजणारा आणि करंट नेणारा धातू कोणता? नागपुरात हा प्रश्न उन्हाळ्याच्या तोंडावर जोर धरतो, कारण टाकीबरोबर कूलरच्या ऑटो-फिलचे प्रोबही, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या तारा किंवा सळया, तेव्हाच माना टाकतात.

उत्तरं भरपूर मिळतात. कोणी स्टेनलेस सांगतं, कोणी पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, कोणी थेट टायटॅनियम. प्रत्येकात थोडं तथ्य आहे, पण प्रश्नच अर्धा आहे. बहुतेक घरांत ती तार आपोआप गंजत नसते, आपण करंट देऊन तिला विरघळवत असतो. दागिन्यांना मुलामा देणारा जे मुद्दाम करतो तेच आपल्या टाकीत नकळत रात्रंदिवस चालू असतं. म्हणून धातूच्या दुकानात जाण्याआधी खराब झालेल्या तारांकडे नीट बघा. त्या फेकू नका, त्यांच्यावर अख्खं निदान लिहिलेलं असतं.

तारा बाहेर काढा आणि शेजारी शेजारी ठेवा

साध्या किटमध्ये एक कॉमन तार टाकीच्या तळाशी असते आणि बाकीच्या वेगवेगळ्या उंचीवर. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर किंवा यूएलएन २००३ चिप वापरलेल्या बहुतेक सर्किटांत कॉमनला प्लस दिलेला असतो. आता बघा: कॉमनचं टोक कुरतडलेलं आहे आणि बाकीच्या तारा शाबूत, पण त्यांच्यावर चुन्यासारखा पांढरा खडबडीत थर बसलाय? मग शंका नको, डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचं काम आहे. प्लसच्या टोकाला धातूचे आयन सुटून पाण्यात जातात. मायनसच्या टोकाला पाणी फुटून हायड्रोजन निघतो आणि तिथलं पाणी तेवढ्यापुरतं अल्कधर्मी होतं. त्यामुळे पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट नेमका तिथेच जमतो. बोअरच्या जड पाण्यात हा थर इतका दाट होतो की करंटच अडतो, आणि मग तार साबूत असूनही सर्किट "टाकी रिकामी" म्हणतं.

कॉमनच आधी का मरते, हेही यातच आलं. टाकी जशी भरते तशी एकेक तार पाण्याला लागते आणि त्या सगळ्यांचा करंट एकट्या कॉमनमधून जातो. भरलेल्या टाकीत ती सगळ्यांचं ओझं वाहते.

दुसरी खूण वेगळी असते: सगळ्या तारा सारख्याच, सावकाश काळवंडल्या आहेत, कोणाचा कमी-जास्तपणा नाही. इथे पाण्याचाच दोष असू शकतो. तिसरी: तार सगळीकडे ठीक, फक्त डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागी किंवा दोन धातू भेटतात तिथे तुटलेली. हे दोन धातूंचं भांडण, करंट बंद असतानाही चालू राहणारं. चौथी: स्टेनलेसची तार बाहेरून चकचकीत, पण सुईने टोचल्यासारखी बारीक काळी भोकं पडलेली. हे पाण्यातल्या क्षारांमधल्या क्लोराइडचं काम. आणि पाचवी, जी लोक हमखास चुकवतात: प्लास्टिकचं आवरण वरून छान, पण सोलून पाहिलं तर आतलं तांबं वीतभर काळं पडलेलं. मल्टीस्ट्रँड तारेच्या बारीक धाग्यांमधून पाणी वातीसारखं वर चढतं. अशा तारेचं टोक कापून पुन्हा सोलण्यात अर्थ नाही, पूर्ण तुकडा बदला.

खूण स्पष्ट नसेल तर एक सोपा प्रयोग करा. त्याच तारेचा एक सुटा तुकडा, कुठेही न जोडता, त्याच टाकीत त्याच खोलीवर दोऱ्याने लटकवा आणि दोन-तीन आठवड्यांनी बघा. सुटा तुकडा जवळपास नवाच आणि जोडलेला खाल्लेला, तर दोषी पाणी नाही, सर्किट आहे. मला याहून खात्रीची चाचणी माहीत नाही, आणि तिला पैसा लागत नाही.

मीटर लावा

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून कॉमन आणि पाण्यात बुडालेली कोणतीही एक तार यांच्यामध्ये मोजा. ठाम काही व्होल्ट दिसले आणि आकडा हलत नसला, तर सर्किट सतत डीसी देतंय. डीसीवर जवळपास शून्य आणि एसीवर, म्हणजे दिशा सतत उलटणाऱ्या करंटच्या सेटिंगवर, काहीतरी दिसलं, तर सर्किट शहाणं आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. मग मीटर मिलिअँपिअरवर घेऊन कॉमनच्या वाटेत मालिकेत जोडा. साध्या १२ व्होल्टच्या किटमध्ये एखाद-दोन मिलिअँपिअर सहज दिसतात.

एवढ्याशा करंटने काय होणार, असं वाटतं ना? फॅरेडेने १८३०च्या दशकात घालून दिलेला नियम वापरून हिशेब करा. एक अँपिअर एक तास वाहिला की सुमारे १.१९ ग्रॅम तांबं विरघळतं. म्हणजे एक मिलिअँपिअर दिवसभर वाहिला तर २८ मिलिग्रॅम. आता एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या, पाण्यात बुडालेला भाग १० सेंटिमीटर. तिचं वजन सुमारे ०.९ ग्रॅम. भागाकार केला की उत्तर येतं जेमतेम एक महिना. प्रत्यक्षात झीज सगळीकडे सारखी होत नाही, एखाद्या ठिकाणी आधी बारीक होऊन तार तुटते. "दर महिन्याला तार बदलावी लागते" ही तक्रार म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, हा भागाकार आहे.

उन्हाळ्यात हे लवकर का होतं? पाण्याची वाहकता दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका लागेल इतकं तापतं. २५ अंशांचं पाणी ४० अंशांवर गेलं तर वाहकता तीसेक टक्क्यांनी वाढते आणि त्या प्रमाणात करंटही वाढू पाहतो. त्यात पेंच धरण आणि कन्हान नदीचं शुद्ध केलेलं पाणी कमी पडलं की शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बोअर आणि टँकरवर भिस्त येते. त्या पाण्यात क्षार जास्त.

करंटचा बंदोबस्त

यावर धातूपेक्षा सर्किटचा इलाज स्वस्त आणि पक्का आहे: इलेक्ट्रोडवर, म्हणजे पाण्यातल्या तारांवर, सरासरी डीसी शून्य ठेवायचं. कारखान्यांत वापरले जाणारे लेव्हल कंट्रोलर, उदाहरणार्थ ओमरॉनची ६१एफ मालिका, इलेक्ट्रोडला एसीच देतात, ते याच कारणाने.

तुमच्याकडे आर्डुइनो किंवा ईएसपी ३२ सारखा मायक्रोकंट्रोलरचा (प्रोग्रॅम करता येणारा) बोर्ड असेल तर काम प्रोग्रॅममध्येच होतं. पाण्याची पातळी सेकंदाला हजार वेळा बदलत नाही. दर दहा सेकंदांनी फक्त १० मिलिसेकंद व्होल्टेज द्या, वाचा, बंद करा. सरासरी करंट लगेच हजारावर एक होतो आणि वर्षाला १० ग्रॅम तांबं खाणारं सर्किट १० मिलिग्रॅमवर येतं. पुढच्या वेळी तेवढाच वेळ उलटी दिशा द्या, म्हणजे सरासरी डीसी शून्य राहील. मधल्या काळात दोन्ही पिना एकाच पातळीवर ठेवायला विसरू नका. एक पिन पुलअपसह (आतल्या रोधातून प्लसला जोडलेली) इनपुट ठेवली तर गुपचूप डीसी चालू राहतो आणि "पल्स करूनही तार गेली" असं होतं.

मायक्रोकंट्रोलर नको असेल तर सीडी ४०१०६ किंवा ५५५ चिपचा ऑसिलेटर (करंटची दिशा सतत उलटवणारं सर्किट), साधारण एक किलोहर्ट्झ, आणि प्रत्येक तारेच्या वाटेत एक मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. कॉमनचा जरा मोठा घ्या. कपॅसिटरमधून डीसी जाऊच शकत नाही, म्हणून ट्रान्झिस्टर बिघडला तरी तार वाचते. पुढे एसीचं वाचण्याजोगं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरला १एन४१४८ डायोड दोन लागतात, एक नाही. एकच लावला तर कपॅसिटर भरून बसतो आणि सर्किट एकदा टिकटिक करून गप्प. फ्रिक्वेन्सी उगाच वाढवू नका. टाकीपासून खालपर्यंत लांब केबल असेल तर ५० किलोहर्ट्झला केबलच करंट नेते आणि टाकी कायम भरलेली दिसते.

बाजारात काही स्वस्त कंट्रोलर ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या कपॅसिटरवर २३० व्होल्ट खाली आणणारे असतात. उघडून पाहिल्यावर आत ट्रान्सफॉर्मर किंवा बंद आयसोलेटेड सप्लाय दिसला नाही, तर तो डबा पाण्याशी जोडू नका. तार झिजली तर शंभर रुपये जातील, पण असल्या सर्किटने टाकीतल्या पाण्याला फेज लागला तर माणूस जाईल.

आता धातू

लोक "चांगला वाहक" शोधतात, त्याची इथे मुळीच गरज नाही. साध्या नळाच्या पाण्याचा रोध स्टेनलेसच्या रोधापेक्षा काही कोटी पटींनी जास्त असतो. तांब्याच्या मानाने स्टेनलेस कितीतरी मागे आहे, पण पाण्याच्या शेजारी दोघेही सारखेच. तांबं वाहकतेसाठी निवडणं म्हणजे फुकटची झीज विकत घेणं. वाहकता विसरा, टिकाऊपणा बघा.

तांबं आणि टिनचा मुलामा दिलेलं तांबं: पल्स सर्किटवर चालून जातं, डीसीवर नाही. टिनचा थर पातळ असतो, एकदा भेगाळला की आतलं तांबं उघडं. स्वस्त पीसीबीचे सोनेरी सेन्सरही याच माळेतले. त्यांच्यावरचं सोनं मायक्रॉनच्या दहाव्या भागाइतकं किंवा त्याहून कमी असतं आणि त्यात सूक्ष्म छिद्रं असतात, तिथून तांबं निघून जातं. पितळ दिसायला दणकट, पण त्यातलं जस्त निवडून निघून जातं. उरतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं, नखाने खरवडलं तर निघणारं. ॲल्युमिनियमचा विचारही करू नका.

स्टेनलेसमध्ये तोंडी "एसएस" एवढंच म्हणून चालत नाही. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये त्यावर २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतो आणि क्लोराइडच्या भोकांना तोच अडवतो. साधा दंडक असा की थंड पाण्यात क्लोराइड लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ३०४ ठीक, हजारच्या आत असेल तर ३१६. पाणी तापलं की दोन्ही मर्यादा खाली येतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आहे, म्हणजे २०० च्या जरा वरच, त्यामुळे महापालिकेच्या पाण्यात क्लोराइड प्रत्यक्षात २०० च्या आत असेल तर ३०४ चालायला हरकत नाही. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट एकदा काढून घ्या. आणि टाकी ब्लीचिंग पावडरने धुताना प्रोब बाहेर काढून ठेवा.

बाजारातली अडचण वेगळीच. नागपूरच्या इतवारी बाजारात लोहाओळीला जाऊन रॉड मागितला की हमखास ऐकायला मिळतं, "भाऊ, चुंबक लावून पाहा ना, चिकटत नाही म्हणजे असली माल." चुंबक दोन्ही बाजूंनी फसवतो. मँगनीज घातलेली २०० मालिका, जिला बाजारात जे-फोर वगैरे म्हणतात, तीही चिकटत नाही, आणि पाण्यात ती ३०४ च्या जवळपासही टिकत नाही. उलट खरी ३०४ तार ओढून किंवा वाकवून बनवली की थोडी चिकटते. मोलिब्डेनम ओळखायचा थेंब आणि नऊ व्होल्टची बॅटरी असलेला टेस्ट किट मिळतो. पण त्याहून सोपा रस्ता वेल्डिंगच्या दुकानातून जातो. टिग वेल्डिंगची ईआर ३१६एल फिलर रॉड मागा. १.६ किंवा २.४ मिलिमीटर जाडी, मीटरभर लांबी, सरळ, आणि टोकाला ग्रेडचा शिक्का असतो. घरगुती प्रोबसाठी मी याहून चांगली वस्तू पाहिलेली नाही, आणि किंमतही चहा-पोह्यांच्या घरातली. बोल्ट वापरायचा असेल तर डोक्यावर ए-फोर लिहिलेलं बघा, ते ३१६ च्या जातीचं. ए-टू म्हणजे ३०४.

पण स्टेनलेसलाही सतत डीसी देऊ नका, विशेषतः पिण्याच्या टाकीत. प्लसच्या टोकाला जबरदस्तीने करंट गेला की त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरू शकतं, तेही हेक्साव्हॅलंट म्हणजे विषारी रूपात. तार चकचकीत दिसते म्हणून कोणाला कळतही नाही. तांब्याचं तरी डोळ्यांना दिसतं.

ग्रॅफाइट चांगलं आहे, ठिसूळ आहे. पेन्सिलीत मातीही मिसळलेली असते, प्रयोगापुरतं ठीक. जुन्या सेलमधला कार्बन रॉड पिण्याच्या पाण्यात टाकू नका, त्याच्या अंगात सेलमधली रसायनं मुरलेली असतात. वेल्डिंगवाल्यांकडे गाऊजिंगचे (धातूत खाच पाडण्याचे) कार्बन रॉड मिळतात, पण त्यांच्यावर तांब्याचा पत्रा चढवलेला असतो, तो घासून काढावा लागतो.

टायटॅनियमबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. क्लोराइडचं पाणी त्याचं काही बिघडवत नाही, हे खरं. पण उघड्या टायटॅनियमला प्लस केलं की त्यावरचा ऑक्साइडचा थर जाड होत जातो आणि करंटच अडवतो. तार नवी कोरी आणि सेन्सर मुका. म्हणूनच क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांत टायटॅनियमवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप देतात. हेन्री बीअरने १९६०च्या दशकात हा लेप आणला आणि ग्रॅफाइटचे झिजणारे अ‍ॅनोड (प्लसचे इलेक्ट्रोड) मागे पडले. पोहण्याच्या तलावातल्या सॉल्ट क्लोरिनेटरमध्ये आज हेच असतं. तुम्हाला खरोखर पाण्यातून सतत डीसी न्यायचाच असेल, तर हे लेप दिलेलं टायटॅनियम योग्य. टाकीच्या पातळीसाठी मात्र उगाच खर्च.

जोड पाण्याबाहेर

धातू कितीही भारी घ्या, तांब्याची तार आणि स्टेनलेसचा रॉड यांचा जोड पाण्यात बुडाला की तांबं हळूहळू जातं. डाग दिलेला असेल तर शिसंही पाण्यात उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणून रॉड इतका लांब घ्या की वरचं टोक टाकीच्या झाकणाबाहेर येईल आणि जोड बाहेरच्या छोट्या डब्यात होईल. स्टेनलेसला साधा सोल्डर धरत नाही, स्क्रूचा कनेक्टर वापरा. केबल डब्यात खालून घाला, वरून घातली तर पावसाळ्यात पाणी तिच्याच अंगावरून आत उतरतं. रॉड एकमेकांना लागू नयेत म्हणून पाच-सात सेंटिमीटर अंतर ठेवून पीव्हीसीच्या पट्टीत भोकं पाडून अडकवा.

हे सगळं नको असेल तर पातळीसाठी चुंबकाचा फ्लोट सेन्सर लावा, ज्यात रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू-बंद होणारा) नळीत बंद असतो आणि पाण्याला करंट लागतच नाही. मला घरगुती टाकीला तोच पसंत आहे. जड पाण्यात फ्लोट क्षाराने अडकतो, अधूनमधून हात फिरवावा लागतो एवढंच. अल्ट्रासोनिकही चालतो, पण जेएसएन-एसआर०४टी सारख्या सेन्सरला तोंडापासूनचे पहिले २०-२५ सेंटिमीटर दिसत नाहीत, त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की नेमकी तीच वेळ त्याला चुकते.

कूलरचं वेगळं

कूलरच्या टबातलं पाणी उडतं, क्षार मागे राहतात. दुपारभर कूलर चालला आणि ऑटो-फिलने पाणी भरत राहिलं की टबातलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट होतं, म्हणून टाकीत वर्षभर टिकलेला ३०४ चा प्रोब कूलरमध्ये एका उन्हाळ्यात भोकं पडून येतो. इथे ३१६ घ्या, आणि दर आठवड्याला टब पूर्ण रिकामा करून नवं पाणी भरा. जस्ती पत्र्याच्या टबाला पितळी कॉक थेट लावलेला असेल तर त्याच्याभोवती पत्रा आधी सडतो, मध्ये रबराचा वॉशर आणि प्लास्टिकची बुश घाला. प्रोबवर पांढरा थर बसला असेल तर पॉलिश पेपरने घासू नका. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी कपड्याने पुसला की निघतो.